अर्ध्या नकाशाचा कैलास

मल्लिकार्जुनचा पूर्ण विश्वास जगात एकाच वस्तूवर होता. ती म्हणजे त्याच्या कचेरीतलं पितळेचं एक किलोचं प्रमाण वजन. ते काचेच्या कपाटात मखमलीवर बसलेलं असायचं आणि कुणाशी बोलायचं नाही, हा त्याचा मोठा गुण. मल्लिकार्जुन वजनमापांच्या कचेरीत कारकून. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेलं वजन, तळाला मेण ओतलेलं माप, या सगळ्या कला त्याला तोंडपाठ होत्या. त्यामुळे झालं असं की उरलेलं जगही त्याला पारड्याखाली चिंच लावल्यासारखं दिसायला लागलं. दूधवाला गोड बोलला तर संशय, गप्प राहिला तर जास्त संशय. लग्नात नागम्मा उंबऱ्यावरचं धान्याचं माप ओलांडायला आली, तेव्हा नवरदेवानं वाकून त्या मापावर सरकारी शिक्का आहे का ते पाहिलं होतं. नागम्मा हे अजून मोडनिंबला माहेरी गेली की सांगते, आणि तिच्या बहिणी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसतात.

अशा माणसाचं एक गुपित होतं. त्याला अंधाराची भीती वाटायची.

हे फक्त नागम्माला माहीत होतं. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्यांच्या घरात मागच्या मोरीकडे जाणारा एक बोळ होता. दहा पावलांचा, बिनखिडकीचा. पाच वर्षांची सिद्धम्मा, म्हणजे सिद्धू, त्या बोळात एकटी पाऊल टाकायची नाही. "अंधारात काही नसतं," मल्लिकार्जुन तिला बजावायचा. "मग तुम्ही पुढं चला, अप्पा," ती म्हणायची. त्या क्षणी मल्लिकार्जुनला नेमकं कचेरीचं काहीतरी आठवायचं, आणि नागम्मा पदराला हात पुसत पोरीला घेऊन जायची. पोरीचा पक्का समज होता की आपला बाप कुणालाच भीत नाही, दुकानदारांना तर मुळीच नाही. तो समज टिकवणं हीच मल्लिकार्जुनची खरी मिळकत. बाकी पगार होता.

आता अशा माणसाला अंधारातून लोकांना फिरवायच्या यंत्राची निवड करायला कुणी बसवेल का? गल्लीच्या गणपती मंडळानं बसवलं.

झालं ते रामहरीमुळे. रामहरी मिलमधला फिटर, माढ्याकडचा, मल्लिकार्जुनच्या भिंतीला भिंत. त्यानं विकत घेतलेल्या शेंगा बांधून आल्या त्या कागदावर एक परदेशी चित्र होतं. दोन मडमा लहानशा गाडीत बसून एका राक्षसाच्या उघड्या तोंडात शिरताहेत आणि हसताहेत. रामहरीनं शेंगा पोरांना दिल्या आणि कागद मंडळाच्या बैठकीत आणला.

"यंदा लोकांनी देखावा बघायचा न्हाय," तो म्हणाला. "लोकांनाच देखाव्यातनं न्ह्यायचं. अर्ध्यापर्यंत पाताळ, यम, रेडा, उकळती कढई. म्होरं कैलास. सगळा अंधार."

कल्पना सर्वांना आवडली. विणकर ईरप्पांची मागाची शेड तशीही रिकामी होती. पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. प्रश्न एवढाच की माणसं न्यायची कशी. त्यावर इतकी मतं पडली की अध्यक्ष बसप्पा गुरुजींनी छडीसारखं बोट उचललं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. अर्धी गल्ली त्यांच्या हातून वर गेलेली, उरलेली त्याच वर्गात राहिलेली.

"या कामाला संशयी माणूस पाहिजे," गुरुजी म्हणाले. "मल्लिकार्जुन सगळ्या पद्धती तपासून तुलनात्मक तक्ता करील."

मल्लिकार्जुनची छाती फुगली. मग 'सगळा अंधार' हे शब्द आठवले आणि ती जागेवर आली. पण सिद्धू दारात उभी होती. तिनं शेजारणीच्या पोरीला सांगितलं, "माझे अप्पा अंधार तपासणार आहेत."

झालं. आता माघार नव्हती.

त्यानं फुलस्केप कागदावर तक्ता आखला. पद्धत, यंत्रणा, धक्का, आवाज, वेग, आणि शेवटी सर्वांत रुंद रकाना: संशयास्पद बाबी.

पहिली पद्धत रामहरीची. "रूळ टाकू. मिलमधली जुनी ट्रॉली हाय, सुताचे बाचके वाहायची. वायरचा दोर, मोटार, खटका. बसला माणूस की गेला नरकात."

"दोर तुटला तर?"

"तर तितंच ऱ्हायला. नरकात माणसं ऱ्हातातच की."

दुसरी पद्धत वीरभद्रप्पांची. त्यांचा तेलाचा घाणा. ते म्हणाले, "मल्लण्णा, लोकांना कशाला हलवता? लोकांना मध्ये बाकावर बसवा, बाक घाण्याच्या फिरत्या लाकडी लाटेला जोडा, बैल जुंपा. देखावे भिंतीला चौफेर. माणूस बसल्या जागी पाताळ बघंल, कैलास बघंल, आणि पुन्हा बघावंसं वाटलं तर पुन्हा पाताळ हायच." बैलाला अंधाराची सवय होती, कारण घाण्यावर त्याच्या डोळ्यांना कायम झापड. सर्व उमेदवारांत अंधाराचा अनुभव असलेला तो एकटाच. चाचणीला गुरुजी बसले, मल्लिकार्जुन बसला. बैल सुंदर चालला. पण त्याला आयुष्यभराची सवय अशी की घाणा उतरायच्या वेळेला थांबायचं आणि पेंडीचं घमेलं तोंडापुढं आल्याखेरीज हलायचं नाही. तो थांबला तेव्हा गुरुजी भिंतीवर खडूनं काढलेल्या रेड्यासमोर होते. पेंड येईपर्यंत ते रेड्यासमोरच राहिले. उतरल्यावर त्यांनी खांबाला "काय वीरभद्रप्पा," अशी हाक मारली आणि ओट्यावर जाऊन बसले. मल्लिकार्जुननं तक्त्यात लिहिलं: 'वेग बैलाच्या मर्जीवर. बैल वीरभद्रप्पांच्या बाजूचा असल्याचा संशय.'

तिसरी पद्धत खुद्द गुरुजींची. ते एकदा काश्मीरला जाऊन शिकाऱ्यात बसून आलेले, आणि तेव्हापासून त्यांचं कोणतंही भाषण पाण्यावरूनच जायचं. "कालवा करा. लहान होडी. संथ वहन. धक्का शून्य." पत्र्याचा कालवा झाला, डांबर लावून सांधे बुजवले. नळ सोलापूरचा, एक दिवसाआड येणार आणि आल्यासारखं करून जाणार. दोन पाळ्यांचं पाणी साठवून कालवा एकदाचा भरला. होडी आणायला रामहरी आत वळला, एवढ्यात गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. दुष्काळ सरून दोन वर्षंच झाली होती. साठलेलं पाणी बघून कुणाचं मन थाऱ्यावर राहणार? पाताळातलं पाणी बारा घरांत गेलं. होडी चिखलात बसली, तिच्यात गुरुजी बसले.

"गुरुजी, ही व्हडी न्हाय ऱ्हायली," रामहरी म्हणाला. "बैठक झाली."

मल्लिकार्जुननं लिहिलं: 'नळ आल्याशिवाय नरक नाही.'

चौथी पद्धत कुणी विचारली नव्हती. समोरच्या काशम्मा आजी ओट्यावर बसून शेंगा फोडत सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अय्यो तम्मा, देवानं पाय दिलेत की. चालत जावा, चालत भायेर या. एवढं काय त्यात?"

लोक हसले. पण मल्लिकार्जुन नियमाचा माणूस. सूचना आली की नोंद झाली पाहिजे. त्यानं लिहिलं: 'पद्धत चौथी, पायी. यंत्रणा: नाही. धक्का: नाही. आवाज: चपलांचा. संशयास्पद बाबी: फारच सोपी आहे.'

ट्रॉली ठरली. पण कढई कधी उकळायची, यमानं दंड कधी उगारायचा, हे कोण सांभाळणार? तेव्हा ईरप्पा बोलले. ईरप्पा म्हणजे जाकार्डचे कारागीर. चादरीच्या मागावर वरच्या बाजूला जे यंत्र बसतं, त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथं भोक, तिथली सुई हलते, सुईबरोबर दोरी उठते आणि खाली चादरीत फूल उमटतं. चाळीस वर्षं ते पुठ्ठ्यांना भोकं पाडत आले होते. "चादरीवर मोर उठवतो," ते म्हणाले, "पत्र्याचा यम उठवायला काय लागतं? दोरी यमाच्या दंडाला बांधायची. एक दोरी मोटारीच्या पट्ट्याला. गाडी, यम, रेडा, सगळं पुठ्ठ्यावर चालंल. मला नक्षी तेवढी काढून द्या."

यंत्र ठरलं; आता परवाना. मल्लिकार्जुन रजा काढून सात रस्त्याजवळच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला.

"हे वाहन आहे का?"

"म्हणजे, माणसं बसतात."

"मग दिवा पाहिजे, भोंगा पाहिजे."

"दिवा लावला तर अंधार राहणार नाही, साहेब."

"मग नाटक म्हणा. संहिता सादर करा. यमाचं काम कोण करतो, त्याचं नाव, पत्ता."

"यम पत्र्याचा आहे."

"मग पाळणा आहे का? जमिनीपासून उंची?"

"सव्वा फूट."

"सव्वा फुटाचा पाळणा बाळाचा असतो," गृहस्थ म्हणाले. खिडकीबाहेर उभ्या मल्लिकार्जुनला दुसऱ्याच्या कचेरीतून आपण कसे दिसत असू, याचा प्रथमच अंदाज आला. होडीची चौकशी केली असती तर बरं झालं असतं का, हेही त्यानं विचारून पाहिलं. गृहस्थ म्हणाले की जलवाहतूक बंदर खात्याकडे, आणि सोलापूरला बंदर नाही. शेवटी चार वाजता 'स्थिर देखावा' असा शिक्का मिळाला. खाली बारीक अक्षरात: आत काही हालल्यास परवाना रद्द समजावा.

त्यानं शिक्का उजेडात धरून पाहिला. खरा होता. एवढ्या सहज मिळाला म्हणून त्याला वाटभर चैन पडलं नाही.

आणि इथंच त्याच्या संशयाला खरा बहर आला. मागच्या गल्लीचंही मंडळ होतं. त्यांचा एक माणूस दोनदा शेडसमोरून गेला होता, आणि दुसऱ्यांदा शीळ घालत. शीळ घालणारा माणूस काहीतरी लपवत असतो. ईरप्पांना द्यायचा देखाव्याचा नकाशा मल्लिकार्जुननं रात्रंदिवस उशाशी ठेवला होता. रेघ न् रेघ स्वतः मारलेली, डाव्या अर्ध्यात पाताळ, उजव्या अर्ध्यात कैलास. त्यानं नागम्माची कात्री घेतली आणि नकाशा बरोबर मधोमध कापला.

"हे काय करताय?" नागम्मा म्हणाली.

"कुणा एकाच्या हाती पूर्ण गुपित जाऊ नये."

कैलास त्यानं ज्वारीच्या डब्यात तळाशी घातला. पाताळ घेऊन तो ईरप्पांकडे गेला. ईरप्पांनी अर्धा कागद हातात घेतला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"एवढंच?"

"एवढंच," मल्लिकार्जुन आवाज खाली आणून म्हणाला. "जाणकाराला जास्त सांगावं लागत नाही."

ईरप्पांचा चेहरा उजळला. "व्हय व्हय. समजलं की. असंच देतात."

काम सुरू झालं. रामहरीनं पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत रूळ टाकले. मागच्या अर्ध्या भागात, पडद्याआड, बायकांनी कैलास मांडला. सरकीचा कापूस, चुन्यानं रंगवलेली पोती, आणि शिखरावर नागम्माचं लग्नातलं पांढरं इरकल लुगडं, जे तिनं सात वर्षांत दोनदाच नेसलं होतं. सिद्धू दिवसभर तिथंच. तिला कुणी अडवायचं नाही. पाच वर्षांच्या माणसावर मल्लिकार्जुनचासुद्धा संशय नव्हता. ती ईरप्पांच्या मांडीशी बसायची आणि पुठ्ठ्यातून पडणाऱ्या गोल टिकल्या डब्यात गोळा करायची. मग तो डबा कैलासावर नेऊन उधळायची. तोच बर्फ.

एका संध्याकाळी ती घरी आली ती रुसून. "अप्पा, बर्फ कमी पडला. ईरप्पा आजोबा म्हणाले, आता टिकल्या नाहीत, पुठ्ठे संपले. डबा अर्धाच भरला."

"ताटात बघ, जेव," मल्लिकार्जुन म्हणाला. जगातली एकमेव खरी साक्ष त्याच्या पाटाशेजारी बसून आमटीत भाकरी बुडवत होती, आणि हा मागच्या गल्लीतल्या शीळ घालणाऱ्याचा विचार करत होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो ज्वारीच्या डब्यातला कैलास झटकून ईरप्पांकडे गेला. ईरप्पा हात धूत होते.

"ते कशाला आता? पुठ्ठे शिवून झाले. माळ चढवली."

मल्लिकार्जुन थबकला. मागणाऱ्या माणसापेक्षा न मागणारा धोक्याचा. हा म्हातारा गुपित नको म्हणतो, म्हणजे गुपित काढून घ्यायची ही रीत असणार. त्यानं कागद पुन्हा खिशात घातला आणि विजयी चेहऱ्यानं घरी आला. पूर्ण चाचणीही त्यानं होऊ दिली नाही. आवाज झाला असता, मागच्या गल्लीला कळलं असतं.

उद्घाटनाला सगळी पेठ लोटली. पहिल्या फेरीला अध्यक्ष म्हणून गुरुजी, बैल नाकारला म्हणून त्यांची समजूत काढायला बसवलेले वीरभद्रप्पा, आणि मागच्या बाकावर मल्लिकार्जुन, मांडीवर सिद्धू. रामहरीनं खटका दाबला. वर पुठ्ठ्यांची माळ कटकट करत निघाली. ट्रॉली राक्षसाच्या तोंडात शिरली आणि मल्लिकार्जुननं डोळे घट्ट मिटले.

मिटलेल्या डोळ्यांनी त्यानं सगळं ऐकलं. कढई खदखदली. रेडा हंबरला, तो रामहरीचा भाऊ होता. यमाचा दंड पत्र्यावर आपटला आणि वीरभद्रप्पांनी चन्नबसवेश्वराचं नाव घेतलं. मग खट्ट असा आवाज, एक धक्का. पुन्हा दंड आपटला. पुन्हा रेडा. पुन्हा कढई. कैलासात कढई कशी, असं मल्लिकार्जुनच्या मनात आलं, पण डोळे उघडून पाहण्याइतकं ते महत्त्वाचं वाटलं नाही. पापण्यांवर उजेड आला, लोकांचा गलका ऐकू आला, तेव्हा त्यानं डोळे उघडले, हात जोडले आणि भारदस्त आवाजात विचारलं, "कैलास कसा वाटला, गुरुजी?"

मल्लिकार्जुननं मान वळवली. ज्या दारातून गेले होते, त्याच दारात ते उलट्या तोंडानं उभे होते. समोर राक्षसाचा जबडा.

"नरक पाहिला," गुरुजी म्हणाले. "जाताना एकदा, येताना एकदा. कैलास आम्हाला नाही वाटतं?"

लोकांत खसखस पिकली. "गुरुजींचं पुण्य कमी पडलं," कुणीतरी म्हणालं. वीरभद्रप्पा कुणालाही ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटले, "बैल निदान उलटा तरी चालत न्हाय."

मल्लिकार्जुनचे कान तापले. "हे मागच्या गल्लीचं काम आहे," तो म्हणाला. "किंवा," आणि त्याची नजर फिरत फिरत ईरप्पांवर थांबली, "कुणीतरी आतलंच."

ईरप्पा शांतपणे पुढं आले. त्यांनी कोपरीच्या खिशातून नकाशाचा अर्धा कागद काढला, ट्रॉलीच्या कडेवर पसरला.

"ही नक्षी मला कुणी दिली?"

"मी."

"अर्धी. बरोबर मधी कापल्याली. मल्लण्णा, चादरीची नक्षी कुणी पूर्ण काढतं का? अर्धी काढायची. मधापतूर पुठ्ठे सुलटे चालतात, तिथनं माळ उलटी फिरती. गेल्यालं फूल परत येतं, तवा चादर पुरी होती. चाळीस वरसं मला कुणी पुरी नक्षी दिली न्हाय. तुमी म्हणला, जाणकाराला सांगावं लागत न्हाय. मी मोटारीलाबी उलटा पट्टा लावला. गाडी गेली तशी येणारच की."

मल्लिकार्जुननं खिशात हात घातला. कैलास तिथंच होता, चार घड्यांचा, एका घडीत ज्वारीचा दाणा. त्यानं तो काढला आणि पहिल्या अर्ध्याशेजारी ठेवला. सगळी पेठ वाकून बघत होती. कापलेल्या कडा इतक्या नेमक्या जुळल्या की त्याला स्वतःच्या हाताचा राग आला. सोलापुरात जन्म, रोज अंगावर चादर, आणि एवढं कळू नये. आणि हे सगळं पोरीदेखत.

"नवे पुठ्ठे?" त्यानं विचारलं.

"तीन दिस."

"आत्ता येक करता येतं," रामहरी म्हणाला. "मधापतूर मोटारीनं जायचं, तितं मी पट्टा उतरवतो. म्होरं कुणीतरी ट्रॉली ढकलत कैलासात न्ह्यायची. आधी येकानं रिकामी नेऊन बघावी, रूळ ठीक हायत का."

कुणी न्यायची, हे कुणी विचारलं नाही. सगळे फक्त मल्लिकार्जुनकडे बघत राहिले. रिकामी ट्रॉली म्हणजे एकटा. आत, मध्यभागी, अंधारात. नाही म्हणावं तर कारण काय सांगावं? सिद्धू मान वर करून बघत होती, बाप अंधार तपासायला निघाला या अभिमानानं.

गर्दीतून नागम्मा पुढं आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि साध्या आवाजात म्हणाली, "सिद्धूला घेऊन जावा की बरोबर. तुम्ही एकटे गेलात तर ती घाबरून रडंल इथं."

सिद्धू रडणारी नव्हती, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. त्यानं नागम्माकडे एकदाच पाहिलं. मग पोरीला उचलून ट्रॉलीत ठेवलं. हातात टॉर्च घेतली. सेल विनाकारण संपतात, आणि टॉर्चवाला दुकानदार हसतमुख होता, म्हणून सेल त्यानं निराळे शर्टाच्या खिशात ठेवलेले होते.

या खेपेला कढई खदखदली आणि यमासमोर ट्रॉली थांबली. रामहरीनं बाहेरून ओरडून सांगितलं, "पट्टा उतरवला." मल्लिकार्जुन खाली उतरला. डोळे मिटून त्यानं ट्रॉलीच्या दांडीला हात घातला, आणि त्याच क्षणी वीज गेली. कढईतला तांबडा दिवा, यमाचे हिरवे डोळे, मोटारीची घरघर, सगळं बंद झालं. पापण्यांआडून जो पुसटसा उजेड लागत होता, तोही गेला.

त्यानं खिशातले सेल काढले. टॉर्चमध्ये घालताना एक सेल निसटला आणि रुळावरून घरंगळत दूर कुठंतरी जाऊन थांबला. तो थांबल्याचा आवाज फार स्पष्ट ऐकू आला.

"अप्पा."

"अं."

"डोळे उघडा."

"उघडेच आहेत."

"नाहीत. मघाशी पण मिटले होते. मी बघितलं."

इतक्या वर्षांची मिळकत त्या पाताळात गेली, असं मल्लिकार्जुनला वाटलं. त्याच्या बोटांत एक लहानसा, किंचित चिकट हात शिरला; मघाशी तिनं मोदक खाल्ला होता.

"तुम्हाला भीती वाटते?" सिद्धूनं विचारलं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून की काय, अगदी हळू.

"थोडी," तो म्हणाला.

"मग तपासा की. तुम्ही सगळं तपासता ना. हात पुढं करा. हा यम. त्याचं पोट रामहरी काकांच्या तेलाच्या डब्याचं."

त्यानं हात लावला. डबाच होता, कडेला झाळलेला सांधासुद्धा लागला.

"हा त्याच्या शेजारी रेडा. पेंडीच्या पोत्याचा. वास घ्या."

त्यानं वास घेतला. वीरभद्रप्पांची पेंड, यात संशय नव्हता.

"इथं पायाखाली दोरी आहे, उडी मारा. मोठी नाही, एवढीशी." त्यानं एवढीशी उडी मारली. "आता पडदा येईल. तो खरखरीत आहे, पण काही करत नाही."

ट्रॉली मागंच राहिली. ती दोघं रुळाच्या कडेनं पायी निघाली, पुढं सिद्धू, मागं मल्लिकार्जुन. पडदा गेला आणि पायाखाली मऊ लागलं.

"कैलास," सिद्धू म्हणाली. "बसा."

तो कापसात बसला. तिनं त्याचा हात ओढून वर नेला आणि एका कापडावर ठेवला. गार, जड, काठाला रेशीम. नागम्माचं इरकल. हे कापड त्याच्या बोटांना ओळखीचं होतं. त्यानं डोळे उघडले. मागच्या दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत आली होती आणि तिच्यात हजारो टिकल्या पसरलेल्या दिसत होत्या. पुठ्ठ्यातून गळलेल्या, गोल, पांढऱ्या. पाताळाची भोकं इथं येऊन बर्फ झाली होती. डोंगराच्या अर्ध्यापर्यंतच बर्फ होता. पुढं नुसतं पोतं.

"मी सांगितलं होतं, कमी पडला," सिद्धू म्हणाली.

"सांगितलं होतंस," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सिद्धू, तुला इथं भीती नाही वाटत, मग घरच्या बोळात का वाटते?"

"इथलं सगळं मी बघितलंय, बनवताना. बोळातलं मला कुणी दाखवलंच नाही. नुसतं म्हणतात, काही नसतं."

मागचं दार उघडून ती दोघं बाहेर आली तेव्हा काशम्मा आजी तिकडच्या पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. उद्घाटनाच्या गर्दीला कंटाळून त्या मागं येऊन बसलेल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, मल्लिकार्जुनच्या डोक्यावरचा कापूस पाहिला.

"चालत आलात?"

"चालत आलो," मल्लिकार्जुन म्हणाला.

आजींनी शेंगांची मूठ पुढं केली. त्यानं एकही फोडून न बघता ती घेतली.

दहा दिवस लोक पायीच गेले. वीज होती तेव्हा दिव्यात, नव्हती तेव्हा एकमेकांचा हात धरून. मागच्या गल्लीचं मंडळही येऊन गेलं. तो शीळ घालणारा माणूस दोनदा. ट्रॉलीवर प्रसादाची पातेली ठेवली. गुरुजींनी समारोपात सांगितलं की काश्मीरलाही शेवटचा टप्पा चालतच जावा लागतो. ईरप्पांनी उरलेले कोरे पुठ्ठे सिद्धूपुढं ठेवले आणि भोकं पाडून टिकल्यांचा डबा पूर्ण भरून दिला. मल्लिकार्जुननं तक्ता संपवून मंडळाच्या फायलीला लावला. चौथ्या पद्धतीपुढं 'फारच सोपी आहे' हे शब्द खोडले होते. त्या जागी काहीच लिहिलं नव्हतं. त्या रकान्यात त्यानं कोरी जागा सोडल्याचं हे पहिलंच उदाहरण.

विसर्जनानंतरच्या रविवारी, टळटळीत दुपारी, तो सिद्धूला घेऊन मोरीच्या बोळापाशी उभा राहिला. दुपारीसुद्धा तिथं काही दिसायचं नाही.

"चल, तपासू," तो म्हणाला.

डाव्या हाताला बंब लागला, थंड. पुढं केरसुणी. मग उलटं घातलेलं घंगाळ, त्यावर मोजून तीन कपडे. सिद्धू प्रत्येकाला हात लावून मोठ्यानं नाव घेत होती. स्वयंपाकघरात नागम्माच्या भाकरी थापण्याचा आवाज मधेच थांबला होता.

अर्ध्या वाटेत सिद्धू थांबली.

"अप्पा, डोळे उघडे आहेत ना?"

"आहेत."

"बघू," ती म्हणाली. तो खाली वाकला, आणि अंधारात हात वर करून तिनं एक एक बोट त्याच्या दोन्ही पापण्यांवर हलकेच टेकवून पाहिलं. मुलगी त्याचीच होती. नुसत्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता.